अकराई

शिकवायची खोड वाईट. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी माझी जात नाही. भाजीवाली म्हणाली पालक आजचाच आहे, की मी जुडी उलटी करून तिला देठ दाखवते. लोणावळ्यात तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्याचा हा परिणाम. शिकवणाऱ्या माणसाला 'मला माहीत नाही' एवढं साधं वाक्य बोलता येत नाही, आणि त्याची शिक्षा कधी ना कधी होतेच. ती मला एकटीला झाली असती तर मी हे लिहायला बसले नसते. ती माझ्या आईला झाली.

माझं माहेर मळवलीचं. स्टेशनावरून भाज्याच्या लेण्यांच्या अंगाला चालत गेलं की आमची भातखाचरं लागतात. वडील रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे शेत सगळं आईच्या अंगावर. शेवटच्या खाचराच्या बांधावर एक करंज आहे आणि करंजाखाली देवी. देवी म्हणजे दगड. नदीतला, गुळगुळीत, खाली रुंद आणि वर निमुळता, वीतभर उंच. नाक नाही, डोळे नाहीत. असल्या बिनचेहऱ्याच्या देवीला तांदळा म्हणतात. हिचं नाव अकराई. आमच्या मावळात आयांना काही तोटा नाही. जाखाई, जोखाई, वाघजाई, सटवाई. खिंडीखिंडीला एक आई आणि पाणवठ्यापाशी साती आसरा. त्यातलीच ही एक असणार, असं सगळ्यांसारखं मीही धरून चालले होते.

आई दर मंगळवारी शेतावर जाताना वाटीत तेल आणि किटलीत पाणी न्यायची. पाणी कोमट असायचं. दगडाला तेल चोळायची, अगदी सावकाश, मग पाणी घालायची आणि पदरानं टिपून कोरडा करायची. मी मागे मागे गेले तर मला म्हशीकडे पिटाळायची. मला त्याचा भयंकर राग यायचा. शेजारच्या बायका आपल्या मुलींना बरोबर घेऊन देवीची ओटी भरायच्या, मुलींच्या कपाळाला शेंदूर लावायच्या, आणि आमच्याच बांधावरची देवी असून मला बंदी! एकदा तर मी तिला तोंडावर म्हटलं की देवी काय तू विकत घेतली आहेस का. तिनं किटली उचलली आणि चालायला लागली. मार बसला असता तर बरं वाटलं असतं.

पुढे मी पुण्यात शिकले, बी.एड. केलं, लोणावळ्यात नोकरीला लागले, तुंगार्लीत लहानसं घर घेतलं. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ मळवलीला राहिला. शेत बघतो आणि मुंबईवाल्यांचे दोन-तीन बंगले सांभाळतो. माझं सगळं चित्त शाळेत. आणि शाळेत माझा सगळ्यात आवडता धडा कुठला, तर माणसाच्या पहिल्या देवाचा.

तो मी फार रंगवून शिकवायचे. सांगायचे, मुलांनो, माणसानं देव केला तेव्हा पहिला देव बाप नव्हता, आई होती. पेरलेलं उगवतं कसं, पोटात मूल येतं कसं, काहीच कळत नव्हतं, पण दोन्ही आईच्या पोटातून येतं एवढं दिसत होतं. मातीच्या मुठीएवढ्या बाया करून लोकांनी त्या घरात ठेवल्या. जिथं माती घडवता आली नाही तिथं दगड उभा केला. लेणी खोदणारे आले, गेले, राजे आले, गेले, पण घाटवाटेवरच्या त्या दगडाला शेंदूर लावणारा हात थांबला नाही. आपल्या मावळाचं नावच या आयांवरून पडलं असं काही जाणकार म्हणतात. इथं आल्यावर मी थांबायचे. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता असायची, आणि मला फार धन्य धन्य वाटायचं.

यातलं बरंचसं खरं आहेच. पण मला तेवढ्यावर थांबवेना. शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी एक लेख लिहिला, आमच्या अकराईवर. साती आसरा सात, नवदुर्गा नऊ, मग अकरा आया का नसाव्यात? कोकणातून घाट चढून येणाऱ्या तांड्यांनी इथं अकरा मातांचं ठाणं मांडलं असणार, दहा दगड काळाच्या ओघात गेले, एक उरला, आणि नावात 'अकरा' तेवढा टिकून राहिला. वय साधारण दोन हजार वर्षं. पुरावा काय? पुरावा माझा आत्मविश्वास. लेखाखाली माझं नाव, पदव्यांसकट.

भावानं तो लेख घरी मोठ्यानं वाचून दाखवला. मी समोरच बसले होते, कौतुक करून घ्यायला. आई सुपात तांदूळ निवडत होती. वाचून झाल्यावर तिनं फक्त विचारलं, किती वर्सं म्हनलास? भाऊ म्हणाला, दोन हजार. मग सूप बाजूला ठेवून ती परसात गेली. मला वाटलं, अडाणी बाई, तिला काय कळणार. हो, असंच वाटलं. आता लपवून काय करू.

नाकानं कांदे सोलायची सवय असली की डोळ्यांत पाणी दुसऱ्याच्या येतं. लेख गावात फिरला. कुणीतरी त्याची झेरॉक्स काढली. तरुण मंडळाची पोरं माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाई, तुम्ही आमचे डोळे उघडले. मग बांधावर आधी पत्र्याची शेड झाली, मग भिंती, मग फरशी, मग स्टीलचा कठडा. भावानं जागा आनंदानं दिली. दगडाला पितळेचा मुखवटा आला. मोठे डोळे, नाकात नथ. शेजारच्या गावचा एक गुरव पूजेला नेमला. फ्लेक्स लागला: अतिप्राचीन स्वयंभू जागृत देवस्थान. चैत्रात जत्रा सुरू झाली आणि जत्रेत बोकड पडायला लागले. इकडे टाकव्यापासून तिकडे पवनेपर्यंतच्या बायका नवस बोलायला यायला लागल्या. मुलं होत नाहीत त्या जास्त.

आईचा मंगळवार तेवढा बुडाला. गाभाऱ्यात फक्त गुरव. तो भला माणूस, आईला मावशी म्हणायचा, तिच्या हातातली तेलाची वाटी अदबीनं घ्यायचा आणि समईत ओतायचा. आई कठड्याबाहेर उभी राहून ते बघायची. वडील गेल्यावर आणि पुढे तिचा खुबा मोडल्यावर मी तिला तुंगार्लीला माझ्याकडे आणलं, पण मंगळवार आला की तिला चैन पडत नसे. मळवलीला ने म्हणायची. मी म्हणायचे, अगं, तिथं आता रोज यथासांग पूजा होते, तुझ्या वाटीभर तेलाशिवाय देवीचं अडलंय का काही? हे असलं मी तिला बोललेय. एकदा नाही, कितीतरी मंगळवार.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रातली गोष्ट. जत्रेला भावाकडे सगळे जमलो होतो. आई काठी टेकत, माझा हात धरून देवळापर्यंत आली. आजवर बोकडाच्या वेळी ती कधी तिकडे फिरकली नव्हती, पण नेमका तेव्हाच एका नवसाचा बोकड आणला होता. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. हलगी चढली होती. त्याच्या अंगावर पाणी शिंपडलं, आणि माझ्या हातातला हात एकदम सुटला. पंच्याऐंशीच्या पुढची बाई, खुब्यात सळई घातलेली, ती काठी टाकून गर्दीत घुसली आणि बोकडाच्या दोरीला दोन्ही हातांनी लटकली. पदर खांद्यावरून गेला होता, अंबाडा सुटला होता. माझ्या आईचे मोकळे केस मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"तिला दात न्हाईत रं!" ती ओरडली. "दूध पाजा तिला! अकरा दिसांची हाय ती, अकरा दिसांची!"

हलगी थांबली. मग एक म्हातारा पुढे आला, त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि आईपुढे आडवा झाला. म्हणाला, आई आली, अंगात आई आली. झालं! लोकांची एकच झुंबड. कुणी हळद-कुंकवाचं ताट आणलं, कुणी तिच्या कपाळभर मळवट भरला. नवऱ्यामागं वीस वर्षं मोकळं राहिलेलं कपाळ. कुणी तिच्या पायावर लिंबू उतरून टाकलं. आई बोल, आई आणखी काय पाहिजे, असं बायका विचारत होत्या. ती कसाबसा श्वास घेत होती आणि रडत होती. ते रडणंही त्यांना देवीचंच वाटलं. मंडळाच्या अध्यक्षानं तिथल्या तिथं माइक घेऊन सांगितलं की आईनं कौल दिला आहे: यापुढे बोकड बंद, नैवेद्य दुधाचा, आणि उत्सव एक दिवसाचा नाही, अकरा दिवसांचा.

गर्दीतून आईनं मला शोधलं. तिचे डोळे माझ्यावर आले तेव्हा त्यात देवी नव्हती की काही नव्हतं. चोरी पकडली गेल्यावर लहान मूल बघतं तसं ती बघत होती. मी तिला ओढून बाहेर काढलं. मला तिची काळजी वाटली असं लिहायला आवडलं असतं. मला लाज वाटली. इतिहासाच्या बाईंच्या आईच्या अंगात येतं, हे उद्या सगळ्या लोणावळ्यात पसरणार, हे माझ्या मनात पहिलं आलं.

भावाच्या घरी पडवीत बसवून मी तिचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसायला लागले, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि सांगायला सुरुवात केली. घरातली बाकीची जत्रेत होती. आम्ही दोघीच होतो. इतकी वर्षं जे बोलली नव्हती ते ती भाताच्या लावणीबद्दल बोलावं तसं सांगत गेली.

माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. पौषात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मुलगी गोरी होती, जावळ काळंभोर, पण पिताना दमायची, ओठ निळे पडायचे. अकराव्या दिवशी सकाळी आई तिला तेल लावत होती. किटलीत अंघोळीचं पाणी कोमट करून ठेवलं होतं. तेल लावता लावता मूल हातातच गेलं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातलेले होते. नाव कुणी ठरवलंही नव्हतं, आत्या ठेवेल ते, असं होतं. वडील आणि त्यांचे चुलते तान्हीला घेऊन गेले आणि बांधावर करंजाखाली पुरून आले. बाळंतिणीला कोण नेणार? ती खोलीतच होती. सासूनं एवढंच सांगितलं, रडू नको, पुढच्या लेकराला अपशकुन होतो, आणि कुणी विचारलं तर काही बोलू नको.

मग दूध दाटायला लागलं. ताप भरला. सव्वा महिना झाल्यावर ती शेताचं निमित्त करून पहिल्यांदा बांधावर गेली. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून इंद्रायणीतून एक धोंडा पदरात घालून आणला आणि त्या जागी उभा केला. दूध त्याच्यावर पिळलं. "दुसरं कुटं टाकू गं?" ती मला म्हणाली. "तिचंच व्हतं ते."

दिवसामागून दिवस ती जात राहिली. दूध आटलं तेव्हा तेल न्यायला लागली. राहिलेली अंघोळ घालायची. एकदा ओढ्यावर धुणं धुवायला आलेल्या बायकांनी पाहिलं. तेल चोळलेला दगड, वर पाणी, खाली दुधाचा जुना पांढरा ओघळ. त्यांनी विचारलं, कंची देवी गं ही? काही बोलायचं नाही असं सासूनं बजावलेलं. पण तोंडातून निघून गेलं, "अकरा..." आणि पुढे बोलवेना, तोंडात पदर कोंबला. बायकांनी आपसात म्हटलं, अकराई. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तेलावर शेंदूर लावून गेलं. आठवड्यानं नारळ आला.

मी ऐकत होते आणि माझ्या हातातलं फडकं तसंच होतं. मी घरातली थोरली, हे माझ्या हाडात मुरलेलं. थोरलीसारखं वागले, थोरलीसारखी मिजास केली. मी थोरली नव्हतेच. आणि मला म्हशीकडे पिटाळायची ते का, तेही कळलं. एका मुलीला न्हाऊ घालताना दुसरीला समोर उभं करायचं नव्हतं तिला.

मला रडू आलं नाही, आधी राग आला. सासूचा, गावाचा, त्या माइकवाल्याचा. मग माझा. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस, मी लेख लिहिला तेव्हा तरी? ती कपाळावरचं उरलेलं कुंकू बोटानं खरवडत राहिली.

तुंगार्लीला परत आल्यावर मी कागद घेऊन बसले. चूक झाली की दुरुस्ती छापायची, हा माझा जन्माचा नियम. लिहिलं की अमुक अंकातल्या माझ्या लेखातली माहिती निराधार आहे, तो दगड म्हणजे एका तान्ह्या मुलीची खूण आहे. आईला वाचून दाखवलं. ती घाबरली. म्हणाली, असं छापू नको बाय, मढं पुरलेली जागा म्हनून लोक विटाळ मानतील, धोंडा उपटून ओढ्यात टाकतील. ते खरंच होतं. ज्या बायका तिथं आई, आई म्हणून कपाळ टेकत होत्या त्याच तोंडाला पदर लावून पळाल्या असत्या. मग ती हळूच म्हणाली, तिला फक्त एकदा, मुखवटा काढून, पहिल्यासारखं तेल लावायचं आहे. आणि मांडीवर घ्यायचं आहे. उपटायचं नाही, न्यायचं नाही. एकदा मांडीवर घेऊन परत ठेवून देईन, म्हणाली.

एवढंच. बाकी आयुष्यात तिनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आधी मी सरळ मार्गानं गेले. मंडळाकडे विनंती केली. पोरं नम्र होती, पण बाई, गाभाऱ्यात कुणाला सोडत नाही, नियम म्हणजे नियम. तेव्हा मी ठरवलं, ठीक आहे, नियम तर नियम. इस्त्रीची साडी नेसले, चष्मा लावला, मळवलीला जाऊन गुरवाला आणि अध्यक्षाला समोर बसवलं आणि तीस वर्षांत शिकवलं नाही इतक्या गंभीरपणे शिकवलं. सांगितलं, माझ्या वाचनात एक जुना उल्लेख आला आहे. अकराईला वर्षातून एकदा त्या बांधाच्या मूळ घरातल्या सगळ्यात वडील बाईच्या हातचं तेल लागतं, मुखवटा उतरवून, दार लोटून. तो विधी खंडित झाला तर देवी कोपते. कसला उल्लेख आणि कसलं काय! लेख लिहिताना निदान मला तो खरा वाटत होता. हे मात्र धडधडीत खोटं होतं, आणि सांगताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. जत्रेत आईच्या अंगात आलेलं त्यांनी पाहिलंच होतं. लगेच कबूल झाले. अध्यक्ष तर वहीत लिहून घेत होता.

पुढच्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही गेलो. आईनं वाटी घरून नेली होती, किटलीही. गुरवानं मुखवटा उतरवला, हात जोडले आणि दार ओढून घेतलं. मी आईला धरून फरशीवर बसवलं. मुखवट्याखाली शेंदराचा थर होता, वर्षानुवर्षांचा, चार-चार बोटं जाड. वीतभर दगडाचा हातभर गोळा झाला होता. आईनं त्यावर तळवा ठेवला आणि चाचपडायला लागली. दगडाला एका बाजूला एक खळगा होता म्हणे, तिच्या अंगठ्याएवढा. तेल तिथं साठायचं. तो सापडेना. "लय कपडं घातलं गं हिला," ती म्हणाली. तिनं वाटीभर तेल चोळलं. शेंदूर सुटून तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. दगड काही दिसला नाही.

मग तिनं किटलीतलं पाणी घातलं, पदरानं टिपलं, मांडी घालून नीट सावरून बसली आणि दोन्ही हात दगडाच्या बुडाशी घालून उचलायला गेली.

हललं नाही. तिनं पुन्हा जोर केला. मला वाटलं तिला पेलवत नाही, म्हणून मी पण हात लावला. तेव्हा बोटांना सिमेंट लागलं. सगळीकडून पक्कं बसवलेलं, फरशीत एकजीव. आणि मला आठवलं. ही सूचना माझी. एवढा प्राचीन ठेवा उघड्यावर सुटा ठेवू नका, कुणी चोरून नेईल, चांगला सिमेंटात पक्का करा, असं मी मंडळाला पत्र लिहून कळवलं होतं. शाळेच्या लेटरहेडवर.

मी आईला ते सांगितलं. सांगायलाच हवं होतं. सांगता सांगता मी तिथं, त्या ओल्या फरशीवर, ओक्साबोक्शी रडायला लागले. साठीची बाई. आई, माझं चुकलं गं, मी तिला तुझ्या हातून घेतली, असं काहीतरी बडबडत होते. बाहेर गुरवानं ऐकलं असेल, त्याला काय वाटायचं ते वाटो.

आईनं माझ्या तोंडावरून लाल तेलकट हात फिरवला. ती रडत नव्हती. पडवीत मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं तेव्हा दिलं.

"तू लिवलंस तवा मला वाटलं, बरं झालं," ती म्हणाली. "अकरा दिसांत गेली ती माजी. तुज्या लिवन्यात दोन हजार वर्सं जगली. मी कशाला सांगू, न्हाई म्हनून?"

मग ती तशीच पुढे वाकली. खुब्यात कळ आली असणार, तरी वाकली, आणि दगड मांडीवर येत नाही म्हणून आपणच त्याला हातांनी वेढून, छातीशी धरून बसली. एका हातानं थोपटत होती. मी बाजूला बसून राहिले. बऱ्याच वेळानं गुरवानं बाहेरून हाक मारली की मावशी, बाया ताटकळल्यात.

दार उघडलं तर कठड्यापाशी रांग. सगळ्यात पुढे एक लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली पोर होती, हातात दुधाचा तांब्या. तिनं आईचे लाल हात पाहिले आणि चटकन पाया पडली. म्हणाली, आजी, तुमच्या हातचं आईला लागतं म्हणे, माझ्यासाठी एक लेकरू मागा ना. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागं वळून गाभाऱ्याकडे बघितलं. गुरव मुखवटा चढवत होता.

"मागितलं," आई तिला म्हणाली. आणि माझा हात धरून पायरी उतरली.

त्या पावसाळ्यातच ती गेली. दुरुस्तीचा कागद मी फाडून टाकला.